एत्सु सुगिमोतो यांच्या आठवणी : दोन संस्कृतींमधला सांधा नेमका कुठे आहे?

सोनचाफा

एत्सु इनागाकी सुगिमोतो यांचे ‘अ डॉटर ऑफ द सामुराय’ हे आत्मकथन १९२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते मुळातच इंग्रजीत लिहिलेले आहे. पुस्तकाची ओळख बहुधा एकाच पद्धतीने करून दिली जाते : सामुराय घराण्यात करड्या शिस्तीत वाढलेली मुलगी लग्नासाठी समुद्र ओलांडते, अमेरिकेत तिला मोकळा श्वास मिळतो आणि अखेर ती जुन्या-नव्याची सांगड घालते. पुस्तक सलग वाचून झाल्यावर ही ओळख मला फार तोकडी वाटू लागली. एत्सुबाईंचे दोन संस्कृतींमधले जगणे १८९८ साली त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा सुरू झाले, असे आपण धरून चालतो. पण पुस्तकाचा फार मोठा भाग जपानमध्येच घडतो आणि त्या भागातले घर त्यांच्या जन्माआधीच दुभंगलेले आहे. माझ्या मते हे पुस्तक त्या दुभंगापासून वाचायला हवे, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. एत्सुबाईंचे माहेर एचिगो प्रांतातील नागाओका येथे होते. आज हा भाग निईगाता प्रांतात मोडतो. हिवाळ्यात तिथे इतका बर्फ पडतो की लोक घरांच्या पुढे आलेल्या वळचणींखालून आणि बर्फात खोदलेल्या बोगद्यांतून ये-जा करत, असे वर्णन पुस्तकाच्या सुरुवातीलाच येते. त्यांचे वडील नागाओका संस्थानाच्या प्रमुख कारभाऱ्यांपैकी एक. १८६८च्या बोशिन युद्धात हे संस्थान सम्राटाच्या नव्या सरकारच्या फौजांशी लढले, कावाइ त्सुगुनोसुके यांच्या नेतृत्वाखाली हातातून गेलेला किल्ला त्यांनी एकदा परतही मिळवला आणि अखेर ते हरले. १८७१ मध्ये संस्थाने खालसा झाली. १८७६ मध्ये सामुरायांची वर्षासने बंद झाली आणि त्याच वर्षी तलवार बाळगण्यावरही बंदी आली. एत्सुबाईंचा जन्म १८७०च्या दशकातला. म्हणजे ज्या ‘सामुराय संस्कृती’त त्या वाढल्या असे आपण म्हणतो, तिचा राजकीय आणि आर्थिक पाया त्या चालू-बोलू लागेपर्यंत निघून गेलेला होता. मागे उरल्या होत्या त्या सवयी, स्वाभिमान आणि हळूहळू रिकामी होत जाणारी कोठारे.

या पडझडीतल्या घराचे सर्वांत बोलके चित्र मला गोमांसाच्या प्रसंगात दिसते. नव्या विचारांचे वडील ठरवतात की मुलांची शरीरे बळकट व्हावीत म्हणून घरात मांस शिजेल. बौद्ध घरात ही केवढी उलथापालथ होती! लहानगी एत्सु पाहते की दासी देवघराच्या दारांवर पांढरा कागद चिकटवून ते बंद करत आहे, म्हणजे विटाळ आत जाऊ नये, आणि आजी खिन्नपणे उभी राहून ते पाहत आहे. आजी जेवायला बसत नाही. इतके बळकट आणि इतके हुशार व्हायची आपल्याला इच्छा नाही, अशा अर्थाचे काही ती बोलते. नंतर दोघी बहिणी एकमेकींना हळूच सांगतात की चव आवडली, पण हे आजीच्या कानावर जाऊ नये याची त्या काळजी घेतात. मराठी वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. या प्रसंगात कोणीही परदेशी माणूस हजर नाही, कोणीही बोटीने कुठे गेलेले नाही, आणि तरीही एका ताटाभोवती दोन जगे बसलेली आहेत. वडील, आजी आणि मुली असे तिघांचे तीन पवित्रे आहेत. लेखिका त्यांपैकी कोणालाही चूक ठरवत नाही.

दुसरा प्रसंग अभ्यासाचा. पुरोहित गुरुजी सहा-सात वर्षांच्या या मुलीला कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकवतात, जे एरवी मुलांना शिकवले जात. तिने भिक्षुणी व्हावे असे घरात ठरलेले होते, म्हणून हे शिक्षण. तासभर चटईवर जराही न हलता बसायचे असा दंडक होता. एकदा ती किंचित हलते. गुरुजी रागावत नाहीत. आज मनाची बैठक अभ्यासाला योग्य नाही, खोलीत जाऊन चिंतन करावे, एवढेच ते सौम्यपणे सांगतात. ती कन्फ्यूशियसच्या चित्राला नमस्कार करते, गुरुजींना नमस्कार करते आणि नेहमीप्रमाणे वडिलांना सांगायला जाते. वेळ संपायच्या आत तिला आलेली पाहून वडील सहजपणे विचारतात की आज अभ्यास इतक्या लवकर आटोपला का. ते साधे वाक्य तिच्या काळजात किती खोल गेले हे ती पन्नाशीत लिहिते, आणि एवढ्या वर्षांनीही तिला गुरुजींचा राग येत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. थंडीच्या दिवसांत शेगडीविना बसून अक्षरे गिरवताना तिची बोटे गारठून निळी पडतात आणि ते तिला स्वतःला कळतही नाही. मागे बसलेली दाई इशी मूकपणे रडते आहे हे पाहिल्यावरच तिचे स्वतःच्या हाताकडे लक्ष जाते. अमेरिकन वाचकाने हे क्रौर्य म्हणून वाचले असेल. लेखिका मात्र ते ना क्रौर्य म्हणून मांडते ना आदर्श म्हणून. हे असे होते, आणि यातूनच मी घडले, एवढ्यावर ती थांबते.

अमेरिकेतला भाग वाचताना हीच नजर उलट दिशेने फिरते. पती मात्सुओ यांचा सिनसिनाटीत जपानी वस्तूंचा व्यापार होता. तिथे गेल्यावर एत्सुबाईंना ज्या गोष्टींचे नवल वाटले त्यांत एक पैशांविषयीची आहे. सुशिक्षित, चारचौघांत धीटपणे बोलणाऱ्या अमेरिकन बायकांना वर्गणीसाठी नवऱ्याकडे हात पसरावे लागतात, प्रसंगी त्याच्या खिशातून गुपचूप काढून घ्यावे लागतात, आणि त्या हे हसत सांगतात, हे ऐकून त्या थक्क होतात. त्यांच्या माहेरी घराचा खजिना गृहिणीच्या ताब्यात असे. मोकळेपणा कोणाकडे आणि बंधन कोणाकडे, याचा हिशेब इतका सरळ मांडता येत नाही, हे या एका निरीक्षणातून त्या दाखवून देतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी विनंती आहे. जपानी लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात १९२२ साली दिला. १९२४च्या कायद्याने जपानमधून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले. पुस्तक आले ते त्याच्या पुढच्याच वर्षी. अशा वातावरणात, विधवा आणि दोन मुलींची आई असलेली एक जपानी स्त्री न्यूयॉर्कमध्ये बसून अमेरिकन वाचकांसाठी लिहीत होती. पुस्तकातला सौम्यपणा हा काहींना भाबडेपणा वाटतो. मला तो चटईवर न हलता बसायला शिकलेल्या बाईने विचारपूर्वक घेतलेला पवित्रा वाटतो. ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांनी आपले मत अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ

सोनचाफाताई, विवेचन आवडले. तुमच्या मुद्द्याला पूरक अशी एक गोष्ट सांगतो. या पुस्तकाशी माझा परिचय अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांच्या १९४६च्या ‘द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड’ या ग्रंथातून झाला. बेनेडिक्टबाईंनी जपानमध्ये पाऊल न ठेवता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारसाठी केलेल्या अभ्यासातून तो ग्रंथ सिद्ध केला, त्यामुळे त्यांना अशा आत्मकथनांवर बरीच भिस्त ठेवावी लागली. त्यांनी एत्सुबाईंचा मिशन शाळेतील बागेचा प्रसंग घेतला आहे. शाळेत प्रत्येक मुलीला जमिनीचा एकेक तुकडा आणि हवे ते बियाणे मिळते, तिथे काहीही लावायची मुभा असते, आणि बाकीच्या मुली फुले लावत असताना एत्सु बटाटे लावते. त्या कृतीतून आपल्याला बेफिकीर स्वातंत्र्याचा कसा अनुभव आला हे तिने लिहिले आहे.

बेनेडिक्टबाई या प्रसंगाकडे जपानी वळण आणि अमेरिकन मोकळीक यांच्यातील भेदाचा पुरावा म्हणून पाहतात. मूळ पुस्तकात याच्या शेजारीच माहेरच्या बागेची आठवण आहे, आणि बेनेडिक्टबाईंनी तीही त्याच भेदासाठी घेतली आहे. त्या बागेतही एक भाग ‘रानटी’ राखलेला होता, पण कोणी ना कोणी तिथे सतत पाइनची झाडे छाटत असे, कुंपण कातरत असे, आणि म्हातारा नोकर जिया पायवाटेचे दगड पुसून आणि पाइनखालची जमीन झाडून लख्ख करत असे. म्हणजे रानटीपणाही निगुतीने सांभाळलेला. एत्सुबाईंनी ही दोन चित्रे समोरासमोर ठेवली ती एकीला जिंकवण्यासाठी, असे मला वाटत नाही. त्यांना बटाट्यांचा आनंदही खरा वाटतो आणि जियाच्या झाडूविषयीची मायाही खरी वाटते. दुसऱ्याच्या ग्रंथात उदाहरण म्हणून गेल्यावर या दोन चित्रांतला विरोध तेवढा शिल्लक राहिला.

पारिजात

मी थोडा वेगळा सूर लावते. सोनचाफा, तुम्ही पुस्तकाच्या संयमाचे जे कौतुक केले आहे ते मला मान्य आहे, परंतु हा संयम कोणाच्या जिवावर उभा होता हेही पाहिले पाहिजे. सामुराय वर्ग जपानच्या लोकसंख्येत फार तर सहा-सात टक्के होता, आणि एत्सुबाईंचे घर त्यांतही वरच्या पायरीवरचे. बर्फ उपसणारे, स्वयंपाक करणारे, कोठार सांभाळणारे हात पुस्तकभर वावरतात, पण ते बोलतात ते बहुधा मालकांविषयीच्या निष्ठेचेच बोलणे.

थोरल्या भावाचा प्रसंग आठवा. त्याचे मन घरातल्या दासीवर जडते, तो ठरलेले लग्न नाकारतो, वडील त्याला घराबाहेर काढतात, आणि सून म्हणून आलेल्या मुलीला लेक म्हणून सांभाळतात. यात वडिलांचा करारीपणा दिसतो, भावाचे दुःख दिसते, नववधूची प्रतिष्ठा कशी जपली गेली हेही दिसते. त्या दासीचे पुढे काय झाले, हे जाणून घ्यावे असे लेखिकेला वाटलेले दिसत नाही. अमेरिकन वाचकासमोर ‘जपानी स्त्री’ म्हणून जी उभी राहिली ती एका फार लहान वर्गाची स्त्री होती, आणि तिच्या आठवणींना सगळ्या जपानच्या आठवणी मानण्याचे काम वाचकांनी मोठ्या उत्साहाने केले. सांधा नागाओकातच होता हे तुमचे म्हणणे योग्य आहे. माझे म्हणणे असे की त्या घरात आणखी एक सांधा होता, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधला, आणि तो लेखिकेने झाकून ठेवला आहे.

दीपस्तंभ

उत्तम धागा. पारिजात यांचा मुद्दा बिनतोड आहे. मला मात्र हे पुस्तक वाचताना सारखी आनंदीबाई जोशी यांची आठवण येत राहिली, आणि हा संबंध केवळ कल्पनेतला नाही. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधले १८८५चे ते प्रसिद्ध छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यात नऊवारीतल्या आनंदीबाईंच्या सोबत किमोनो घातलेल्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली आहेत. ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन जपानला परतल्या आणि त्यांनी तिथे वैद्यकी केली. म्हणजे एत्सुबाई अमेरिकेत पोहोचण्याच्या एक तप आधी एक जपानी आणि एक मराठी स्त्री एकाच इमारतीत शिकत होत्या.

दोघींच्या अमेरिकेतल्या आयुष्यात एक साम्य फार ठळक आहे. आनंदीबाईंना न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडोशिया कार्पेंटर भेटल्या, ज्यांना त्या मावशी म्हणत. एत्सुबाईंना सिनसिनाटीत एका वयस्क अमेरिकन स्त्रीचे घर मिळाले, आणि पुस्तकभर त्या तिला आईच म्हणतात. परक्या देशात पाय टेकायला जागा मिळाली ती प्रत्येक वेळी एका मोठ्या वयाच्या बाईच्या स्वयंपाकघरात, बैठकीत, तिच्या ओळखीपाळखीत. देशांच्या संबंधांचा इतिहास लिहिताना या घरांची नोंद होत नाही.

फरक मात्र जिव्हारी लागणारा आहे. आनंदीबाई १८८७ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत गेल्या. त्यांची पत्रे उरली आणि चरित्रे इतरांनी लिहिली. अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी, मराठीत काशीबाई कानिटकरांनी. एत्सुबाईंना पन्नाशी गाठता आली आणि स्वतःचे आयुष्य स्वतःच्या क्रमाने सांगता आले. पंडिता रमाबाईंनाही ते काही अंशी साधले. १८८८च्या अखेरीस अमेरिकेतून परतताना त्या वाटेत जपानमध्ये थांबल्या होत्या, तिथे त्यांची व्याख्याने झाली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ मराठीत आले. रमाबाईंनी अमेरिकेविषयी मराठी वाचकांना सांगितले, एत्सुबाईंनी जपानविषयी अमेरिकन वाचकांना. आपल्या माणसांना परक्याविषयी सांगणे आणि परक्यांना आपल्या माणसांविषयी सांगणे यांत लेखणीवर पडणारा भार वेगवेगळा असतो. रमाबाई अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायावर जितक्या थेट लिहू शकल्या तितके एत्सुबाईंना लिहिता आले नसावे, याचे एक कारण मला इथे दिसते.

अनुराधा_नक्षत्र

मला पुस्तकाचा शेवटचा भाग सर्वांत जवळचा वाटतो आणि त्याविषयी इथे अजून कोणी लिहिलेले नाही. मात्सुओंच्या मृत्यूनंतर एत्सुबाई आपल्या दोन मुलींना, हानानो आणि चियो यांना घेऊन जपानमध्ये राहतात. १८९८च्या नागरी संहितेनुसार मुले पित्याच्या घराण्याची, त्यामुळे मुलींनी कसे वाढावे हे ठरवण्याचा अधिकार आईइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, कुटुंबाच्या परिषदेला होता. एत्सुबाई त्या परिषदेशी भांडत नाहीत. त्या नम्रपणे बसतात, योग्य शब्दांत विनंती करतात आणि एकेक सवलत मिळवत जातात. लहानपणीची सगळी शिस्त इथे त्यांच्या कामी येते.

धाकटी चियो जपानमध्ये रुळते. अमेरिकेत जन्मलेली आणि वाढलेली हानानो मात्र सगळे शिकते, सगळे पाळते, आणि हळूहळू मिटत जाते. ती तक्रार करत नाही, हेच आईला खुपते. आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला परतलो तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. नव्या शाळेत तिचे गुण उत्तम होते, वर्तनाविषयी शेराही चांगला होता, पण तिने वर्गात हात वर करून प्रश्न विचारणे बंद केले. हे मला कळायला बरेच महिने लागले, कारण प्रगतिपुस्तकात न विचारलेल्या प्रश्नांचा रकाना नसतो. म्हणून एत्सुबाई मुलीच्या शिक्षणासाठी पुन्हा अमेरिकेला जायचे ठरवतात, तेव्हा त्यांनी अमेरिकेची निवड केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी हानानोची निवड केली. या निर्णयाच्या वेळी जुन्या वळणाची त्यांची आईच त्यांच्या पाठीशी उभी राहते, आणि तो पाठिंबा मला सगळ्या पुस्तकातला सर्वांत मोठा धक्का वाटला. ज्या आईने लेकीचे कुरळे केस जनावरासारखे दिसतात म्हणून ते सरळ करण्यासाठी तिला रडवले होते, तीच आई नातीला समुद्रापार पाठवायला तयार होते.

सोनचाफा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनुराधा, तुम्ही मुलीविषयी जे लिहिले आहे ते वाचून हानानोचा भाग मी पुन्हा काढून वाचला.

पारिजात, तुमचा आक्षेप मला पटतो. त्यात एक भर घालते. एत्सुबाई पहिल्या पुस्तकावर थांबल्या नाहीत. १९३२ मध्ये त्यांनी नवश्रीमंत घरातल्या मुलीची आणि १९३५ मध्ये शेतकऱ्याच्या मुलीची कथा लिहिली. या दोन्ही कादंबऱ्या आहेत, आठवणी नव्हेत, आणि पहिल्या पुस्तकाची लोकप्रियता त्यांना लाभली नाही. तरीही दिवाणखान्याबाहेर जायला हवे ही जाणीव त्यांना झाली असावी, असे त्या पुस्तकांच्या विषयांवरून दिसते. अमेरिकन वाचकाला मात्र सामुरायाचीच मुलगी हवी होती.

दीपस्तंभ, त्या घराविषयी तुम्ही लिहिले ते योग्यच केलेत. सिनसिनाटीतल्या फ्लॉरेन्स विल्सन यांनी या लेखनाला मोठा हातभार लावला. मुखपृष्ठावर मात्र त्यांचे नाव नाही. काही जण यावरून विचारतात की मग हे इंग्रजी एत्सुबाईंचे किती. मला वाटते, गारठलेल्या बोटांची आठवण विल्सनबाईंना सुचणे शक्य नव्हते आणि तिचे ओघवते इंग्रजी एकट्या एत्सुबाईंना साधले नसते. दोन बायकांनी एका मेजावर बसून केलेले हे काम आहे, आणि दोन संस्कृतींमधले पुस्तक म्हणायचे तर याच अर्थाने म्हणावे.

कृष्णाकाठ

ज्यांना यापुढे वाचायचे आहे त्यांच्यासाठी एक नाव सुचवतो : त्सुदा उमेको. १८७१ मध्ये जपान सरकारने परदेशी निघालेल्या आपल्या इवाकुरा शिष्टमंडळासोबत पाच मुलींना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले, त्यांत ही सर्वांत लहान, जेमतेम सहा वर्षांची. १८८२ मध्ये परतली तेव्हा तिला मातृभाषा बोलता येत नव्हती. अमेरिकेत जिने तिला वाढवले त्या अ‍ॅडलिन लॅनमन यांना तिने पुढे वर्षानुवर्षे इंग्रजीत लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. १९०० मध्ये तिने मुलींसाठी काढलेली शाळा आज त्सुदा विद्यापीठ म्हणून चालू आहे, आणि २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. एत्सुबाईंनी छापण्यासाठी लिहिले, उमेकोने एकाच व्यक्तीसाठी लिहिले, त्यामुळे तिच्या पत्रांत चिडचीड, एकटेपणा आणि मायदेशाविषयीची अढी उघडपणे येते. पारिजात यांना या पुस्तकात जे झाकलेले वाटते, त्यातले काही तिथे उघडे सापडेल.

पारिजात

कृष्णाकाठ, ही पत्रे नक्की मिळवते. वाचून झाली की याच धाग्यावर लिहीन.